रक्तक्लथनाचे गणिती प्रतिमान आणि अवरोधकांचा परिणाम

रक्तक्लथनाचे गणिती प्रतिमान म्हणजे रक्त साकळताना घडणाऱ्या रासायनिक अभिक्रियांचे समीकरणांच्या रूपाने केलेले वर्णन होय. कोणत्या क्षणी कोणते प्रथिन किती प्रमाणात आहे आणि ते प्रमाण किती वेगाने बदलत आहे, हे या समीकरणांवरून काढता येते. रक्त साकळू न देणारे पदार्थ, म्हणजे अवरोधक, या प्रक्रियेत कोठे, केव्हा व किती प्रमाणात काम करतात आणि त्यामुळे अंतिम परिणाम कसा बदलतो, हे जाणून घेणे हा अशा प्रतिमानांचा एक प्रमुख उपयोग आहे. अवरोधकाचे प्रमाण आणि त्याचा परिणाम यांचे नाते त्रैराशिकाचे नसते, ही गोष्ट या अभ्यासातून स्पष्ट झाली. एका मर्यादेपर्यंत जवळजवळ काहीच घडत नाही आणि ती मर्यादा ओलांडली की थोड्याच मिनिटांत गुठळी तयार होते. रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांची मात्रा ठरवणे अवघड का असते, याचे मूळही बऱ्याच अंशी येथेच आहे.

मराठीत रक्त 'गोठणे' आणि रक्त 'साकळणे' असे दोन्ही शब्दप्रयोग रूढ आहेत. पाणी थंडीने गोठते आणि ऊब मिळताच वितळते. रक्ताचे तसे होत नाही. म्हणून 'साकळणे' हा जुना शब्द अधिक नेमका म्हटला पाहिजे. शास्त्रीय लेखनात 'रक्तक्लथन' ही संज्ञा आढळते. प्रस्तुत लेखात हे शब्द एकाच अर्थाने योजले आहेत.

प्रक्रियेची रूपरेषा

रक्तवाहिनीला इजा झाली की भिंतीतील पेशींवर असलेले 'ऊती घटक' नावाचे प्रथिन रक्ताच्या संपर्कात येते. ते रक्तातील सक्रिय घटक ७ बरोबर संयोग पावते आणि ही जोडी घटक ९ व घटक १० यांना सक्रिय करते. सक्रिय घटक १० प्रोथ्रॉम्बिनचे रूपांतर थ्रॉम्बिनमध्ये करतो. थ्रॉम्बिन हे या साऱ्या नाट्यातील मुख्य पात्र होय. ते रक्तातील विद्राव्य फायब्रिनोजेनपासून फायब्रिनचे धागे तयार करते, बिंबाणूंना सक्रिय करते आणि मागे वळून घटक ५, ८ व ११ यांनाही चालना देते. सक्रिय झालेले घटक ५ आणि ८ थ्रॉम्बिनच्या निर्मितीचा वेग अनेक पटींनी वाढवतात. थ्रॉम्बिन अशा रीतीने स्वतःच्याच निर्मितीला हातभार लावते.

या घटकांच्या प्रमाणांत विलक्षण तफावत आहे. निरोगी माणसाच्या रक्तद्रवात प्रोथ्रॉम्बिन सुमारे १,४०० नॅनोमोल प्रति लिटर, घटक १० सुमारे १६०, घटक ९ सुमारे ९०, घटक ५ सुमारे २०, तर घटक ८ केवळ ०.७ नॅनोमोल प्रति लिटर असतो. म्हणजे घटक ८ च्या एका रेणूमागे प्रोथ्रॉम्बिनचे दोन हजार रेणू असतात. तरीही घटक ८ नसेल तर हिमोफिलिया होतो. केवळ प्रमाण पाहून एखाद्या घटकाचे महत्त्व ठरवता येत नाही.

इतिहास

१९६४ साली ब्रिटनमध्ये मॅकफार्लेन यांनी आणि अमेरिकेत डेव्ही व रॅटनॉफ यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, रक्तक्लथन ही एंझाइमांची साखळी असल्याचे मांडले. एक एंझाइम दुसऱ्याला, दुसरे तिसऱ्याला सक्रिय करते आणि प्रत्येक पायरीवर परिणाम मोठा होत जातो, असे हे चित्र होते. मॅकफार्लेन यांनी त्याला जैवरासायनिक प्रवर्धक म्हटले. डेव्ही व रॅटनॉफ यांनी धबधब्याची उपमा दिली. प्रवर्धक म्हटले की तो किती पट प्रवर्धन करतो हा प्रश्न ओघानेच येतो. १९६६ मध्ये लेव्हीन यांनी अशा साखळीची समीकरणे मांडून ती सोडवली. या विषयातील आरंभीच्या गणिती लेखनात त्यांच्या निबंधाची गणना होते.

त्यानंतरची बरीच वर्षे अभिक्रियांचे वेग प्रयोगशाळेत एकेक करून मोजण्यात गेली. १९९४ मध्ये अमेरिकेतील व्हरमाँट येथील जोन्स व मॅन यांनी ऊती घटकापासून थ्रॉम्बिनपर्यंतच्या मार्गाचे संगणकीय प्रतिमान प्रसिद्ध केले. त्यात नैसर्गिक अवरोधकांचा समावेश नव्हता. ही उणीव २००२ मध्ये हॉकिन, जोन्स, एव्हर्स व मॅन यांच्या प्रतिमानाने भरून काढली. ३४ अवकल समीकरणे आणि ४२ वेग-स्थिरांक असलेले हे प्रतिमान पुढील अनेक अभ्यासांचा पाया ठरले.

समीकरणे कशी मांडतात

प्रतिमानाचा आधार साधा आहे. नॉर्वेतील गुल्डबर्ग व वॉगे यांनी १८६४ मध्ये मांडलेल्या नियमानुसार दोन पदार्थांमधील अभिक्रियेचा वेग त्यांच्या संहतींच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. थ्रॉम्बिन आणि त्याचा नैसर्गिक अवरोधक अँटिथ्रॉम्बिन यांच्या बाबतीत हा नियम असा लिहिता येतो :

थ्रॉम्बिन निष्प्रभ होण्याचा वेग = क × थ्रॉम्बिनची संहती × अँटिथ्रॉम्बिनची संहती

येथे 'क' हा प्रयोगाने मोजलेला वेग-स्थिरांक आहे. प्रत्येक घटकासाठी, तो किती वेगाने तयार होतो यातून तो किती वेगाने नाहीसा होतो हे वजा करून, एक समीकरण मिळते. घटक, त्यांची सक्रिय रूपे आणि त्यांचे संयोग अशी सर्वांची समीकरणे एकत्र मांडली की एक संच तयार होतो. असा संच कागदावर सोडवणे शक्य नसते. संगणक सेकंदाच्या लहान लहान अंशांनी पुढे सरकत तो सोडवतो आणि काळानुसार थ्रॉम्बिनच्या प्रमाणाचा आलेख देतो.

या आलेखाचे सामान्यतः तीन भाग दिसतात. आरंभी काही मिनिटे थ्रॉम्बिन नाममात्र असते, मग ते एकदम उसळते आणि शेवटी अवरोधकांमुळे ओसरते. गुठळी डोळ्यांना दिसू लागते तेव्हा एकूण थ्रॉम्बिनपैकी पाच टक्क्यांहूनही कमी तयार झालेले असते. प्रोथ्रॉम्बिन काल ही रुग्णालयातील नेहमीची चाचणी गुठळी दिसताच थांबते, म्हणून पुढची सारी कथा तिच्या कक्षेबाहेर राहते. प्रतिमानाने ती कथा शेवटपर्यंत पाहता येते.

नैसर्गिक अवरोधक

अँटिथ्रॉम्बिन यकृतात तयार होते. त्याचे रक्तद्रवातील प्रमाण सुमारे ३,४०० नॅनोमोल प्रति लिटर, म्हणजे प्रोथ्रॉम्बिनच्या दुपटीहून अधिक असते. त्याचा एक रेणू थ्रॉम्बिनच्या एका रेणूला कायमचा जखडतो आणि त्यात स्वतःही खर्ची पडतो. २००२ च्या प्रतिमानात या अभिक्रियेचा वेग-स्थिरांक सुमारे ७,१०० प्रति मोल-लिटर प्रति सेकंद धरला आहे. तो अँटिथ्रॉम्बिनच्या संहतीने गुणला की ०.०२४ प्रति सेकंद हा आकडा मिळतो. याचा अर्थ, नवे थ्रॉम्बिन तयार होणे थांबले तर असलेले थ्रॉम्बिन दर २९ सेकंदांनी निम्मे होत जाईल. पाच मिनिटांत ही निम्मेपणाची क्रिया दहाहून अधिक वेळा घडते आणि मूळच्या थ्रॉम्बिनचा हजारावा भागही शिल्लक राहत नाही.

आता एखाद्या व्यक्तीत अँटिथ्रॉम्बिन जन्मतःच निम्मे आहे असे समजू. निम्मे होण्याचा काळ २९ ऐवजी ५८ सेकंद होतो. वरवर पाहता फरक दुपटीचा वाटतो. परंतु पाच मिनिटांनी उरलेले थ्रॉम्बिन मोजले तर ते निरोगी व्यक्तीच्या तुलनेत सुमारे सदतीस पट भरते. (या हिशेबात इतर अवरोधक धरलेले नाहीत.) चक्रवाढ व्याजाचे गणित ज्याने शाळेत केले आहे त्याला याचे नवल वाटू नये, दरातील किरकोळ फरक मुदतीअंती डोंगराएवढा होतो, तसेच हे आहे. अँटिथ्रॉम्बिनच्या आनुवंशिक कमतरतेमुळे शिरांत गुठळ्या होतात, हे नॉर्वेतील एगेबर्ग यांनी १९६५ मध्ये एका कुटुंबाच्या अभ्यासावरून दाखवले. त्या कुटुंबातील बाधित व्यक्तींतही हे प्रथिन पूर्णपणे नाहीसे झालेले नव्हते, केवळ कमी होते.

दुसरा अवरोधक ऊती घटकाच्या मार्गावर काम करतो. त्याला टीएफपीआय या आद्याक्षरांनी ओळखतात. रक्तद्रवात त्याचे प्रमाण जेमतेम अडीच नॅनोमोल प्रति लिटर असते. तो प्रथम सक्रिय घटक १० ला पकडतो आणि मग ही जोडी ऊती घटक व घटक ७ यांच्या संयोगाला निकामी करते. सक्रिय घटक १० थोडा तरी तयार झाल्याशिवाय या अवरोधकाला पूर्ण बळ येत नाही. ठिणगी पडू द्यायची आणि मग काडी विझवायची, अशी ही व्यवस्था आहे.

प्रयोगांत आणि प्रतिमानात या दोघांचे परिणाम वेगवेगळे दिसतात. टीएफपीआय मुख्यतः आरंभीचा शांत काळ लांबवतो, तर अँटिथ्रॉम्बिन मुख्यतः उसळीची उंची आणि एकूण थ्रॉम्बिन कमी करते. दोन्ही एकत्र असले की मात्र एकट्या-एकट्याच्या परिणामांची बेरीज करून न कळणारी गोष्ट घडते : ऊती घटकाचे प्रमाण एका उंबरठ्याच्या खाली असेल तर थ्रॉम्बिनची उसळी जवळजवळ येतच नाही.

उंबरठ्याची कल्पना एका लहान उदाहरणाने स्पष्ट होईल. थ्रॉम्बिन स्वतःच्या निर्मितीला चालना देते तो दर 'व' आणि अवरोधक त्याला संपवतात तो दर 'न' मानू. मग

थ्रॉम्बिनच्या बदलाचा वेग = (व − न) × थ्रॉम्बिनची संहती

'न' ०.०२४ प्रति सेकंद आहे, हे वर आलेच. 'व' ०.०२० असेल तर दहा मिनिटांत थ्रॉम्बिन अकरांशापर्यंत घसरेल. 'व' ०.०३० असेल तर तेवढ्याच वेळात ते छत्तीस पटींहून अधिक होईल. 'व' चे हे दोन आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. खऱ्या रक्तात 'व' हा स्थिर नसतो. घटक सक्रिय होत जातात तसा तो वाढतो आणि प्रोथ्रॉम्बिन संपत आले की घटतो. तथापि तत्त्व तेच राहते. दोन दरांपैकी मोठा कोणता, यावर रक्त वाहते राहणार की साकळणार हे ठरते. दाढी करताना लागलेले बारीक खरचटणे आणि खोल जखम यांतला फरक शरीर अशा प्रकारे ओळखते, असे म्हणता येईल.

तिसरी अवरोधक व्यवस्था प्रथिन सी ची आहे. तिचे वैशिष्ट्य असे की तिला थ्रॉम्बिनच जागे करते. अखंड रक्तवाहिनीच्या अस्तरावरील थ्रॉम्बोमोड्युलिनला चिकटलेले थ्रॉम्बिन प्रथिन सी ला सक्रिय करते आणि ते सक्रिय घटक ५ व ८ यांचे तुकडे करते. त्यामुळे गुठळी जखमेपुरती राहते, निरोगी भागात पसरत नाही. २००२ च्या प्रतिमानात ही व्यवस्था अंतर्भूत नव्हती.

औषधी अवरोधक

हेपरिनचा शोध १९१६ मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जे मॅक्लीन या विद्यार्थ्याच्या संशोधनातून लागला. हेपरिन स्वतः थ्रॉम्बिनला निष्प्रभ करत नाही. ते अँटिथ्रॉम्बिनला जोडले जाऊन त्याचा वेग हजार पटींच्या घरात वाढवते आणि काम झाल्यावर मोकळे होऊन पुढच्या रेणूकडे जाते. गणिताच्या भाषेत हेपरिन 'क' हा स्थिरांकच बदलते. अँटिथ्रॉम्बिन फार कमी असलेल्या रुग्णात हेपरिनचा अपेक्षित परिणाम का दिसत नाही, हेही यावरून उलगडते.

वॉरफरिन आणि भारतात बरेच वापरले जाणारे असेनोकुमारॉल यांची रीत निराळी आहे. ही औषधे जीवनसत्त्व के चे पुनरुज्जीवन रोखतात, त्यामुळे यकृतात घटक २ (प्रोथ्रॉम्बिन), ७, ९, १० आणि प्रथिन सी व प्रथिन एस यांची कार्यक्षम रूपे तयार होईनाशी होतात. रक्तात आधीपासून असलेल्या घटकांवर त्यांचा काहीच परिणाम होत नाही. ते आपापल्या गतीने झिजत जातात. घटक ७ चे अर्धायुष्य सुमारे ६ तास, प्रथिन सी चे ८ तास, तर प्रोथ्रॉम्बिनचे ६० तास किंवा त्याहून अधिक असते. नवी निर्मिती पूर्णपणे थांबली असे मानले तर २४ तासांनंतर घटक ७ सोळाव्या भागावर, म्हणजे सुमारे ६ टक्क्यांवर येतो आणि प्रथिन सी आठव्या भागावर, म्हणजे साडेबारा टक्क्यांवर येते. प्रोथ्रॉम्बिन मात्र ७५ टक्क्यांच्या वर शिल्लक असते.

या तीन आकड्यांत एक धोका दडलेला आहे. घटक ७ घटल्यामुळे प्रोथ्रॉम्बिन काल लांबतो आणि त्यावरून काढला जाणारा आयएनआर हा आकडा वाढतो. अहवाल पाहणाऱ्याला वाटते की रक्त पुरेसे पातळ झाले. वस्तुतः थ्रॉम्बिनचा कच्चा माल जवळजवळ तसाच असतो आणि त्याला आळा घालणारे प्रथिन सी मात्र संपत आलेले असते. पहिल्या काही दिवसांत रक्ताचा कल साकळण्याकडे झुकू शकतो तो यामुळेच. म्हणून ताज्या गुठळीवर उपचार करताना वॉरफरिनबरोबर किमान पाच दिवस हेपरिनही देण्याची पद्धत आहे. प्रत्यक्षात औषधाने निर्मिती पूर्ण थांबत नाही, त्यामुळे घसरण वरील हिशेबापेक्षा संथ असते. घटकांचा क्रम मात्र तोच राहतो. पालक, मेथी अशा पालेभाज्यांतून मिळणारे जीवनसत्त्व के आणि व्यक्तीगणिक बदलणारी जनुके यांमुळे एकाच मात्रेचा परिणाम दोन माणसांत वेगळा होतो. अशा बाबी समीकरणांत घालून मात्रेचा अंदाज बांधणारी प्रतिमाने २००० नंतरच्या काळात तयार झाली आहेत.

रिव्हॅरॉक्सॅबॅन व अ‍ॅपिक्सॅबॅन ही औषधे सक्रिय घटक १० ला आणि डॅबिगॅट्रान थ्रॉम्बिनला थेट अडवते. ती एंझाइमाच्या कार्यस्थानी बसतात आणि पुन्हा सुटतात. त्यांची पकड किती घट्ट आहे हे अवरोध-स्थिरांकाने दर्शवले जाते : रिव्हॅरॉक्सॅबॅनसाठी तो सुमारे ०.४ नॅनोमोल प्रति लिटर, अ‍ॅपिक्सॅबॅनसाठी ०.०८ आणि डॅबिगॅट्रानसाठी ४.५. आकडा जितका लहान तितकी पकड घट्ट. मात्र एवढ्यावरून औषधांची तुलना करणे फसवे ठरते. रिव्हॅरॉक्सॅबॅनचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग रक्तातील प्रथिनांना चिकटलेला असतो आणि केवळ मोकळा भाग काम करतो. प्रतिमानात तोच धरावा लागतो.

हिमोफिलिया : अवरोधकाचा अवरोध

हिमोफिलियाच्या संदर्भात 'इन्हिबिटर' हा शब्द रुग्णांच्या बोलण्यात वेगळ्या अर्थाने येतो. बाहेरून दिलेल्या घटक ८ किंवा ९ विरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये असा तेथे त्याचा अर्थ असतो. या लेखातील अवरोधकांशी त्याची गल्लत करू नये.

घटक ८ शून्याजवळ नेला की प्रतिमानात थ्रॉम्बिनची उसळी उशिरा येते आणि बुटकी राहते. परंतु घटक ८ चे प्रमाण तेवढेच असूनही काही रुग्णांना कमी आणि काहींना जास्त रक्तस्राव होतो. २०२० मध्ये लिंक, लीडरमन आदींनी वाहत्या रक्ताच्या प्रतिमानात अनेक घटकांची प्रमाणे निरोगी मर्यादेतच बदलून हजारो वेळा गणना केली. त्यात घटक ५ थोडा कमी असताना थ्रॉम्बिन वाढते असे दिसले. हे अपेक्षेच्या अगदी उलट होते, कारण घटक ५ तर रक्त साकळायला मदत करतो. स्पष्टीकरण असे, की घटक ५ आणि घटक ८ दोघेही सक्रिय होण्यासाठी सक्रिय घटक १० कडे धाव घेतात. एक स्पर्धक कमी झाला की दुर्मीळ घटक ८ ला संधी मिळते. प्रयोगशाळेतील तपासणीतही हा परिणाम आढळला.

वजनकाट्याची एक बाजू हलकी असेल तर दुसरी बाजूही हलकी करावी, या विचारातून नवी औषधे आली आहेत. फिटुसिरान यकृतातील अँटिथ्रॉम्बिनची निर्मिती कमी करते, तर कॉन्सिझुमॅब टीएफपीआयला रोखते. येथे उंबरठ्याचा प्रश्न जीवनमरणाचा होतो. फिटुसिरानच्या चाचणीत २०१७ मध्ये एका रुग्णाचा मेंदूतील शिरेत गुठळी झाल्याने मृत्यू झाला. पुढे अँटिथ्रॉम्बिन १५ ते ३५ टक्क्यांदरम्यान राहील अशा बेताने मात्रा ठरवण्यात येऊ लागली. वर दिलेला सदतीस पटींचा हिशेब आठवला तर ही काळजी का घ्यावी लागते ते कळते.

सर्पविष

वाजिमा, इस्बिस्टर व डफल यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्यापक प्रतिमानात वॉरफरिन व हेपरिनबरोबरच ऑस्ट्रेलियातील टायपन सापाच्या दंशाचेही अनुकरण केले आहे. विष प्रोथ्रॉम्बिनला सक्रिय करते, थ्रॉम्बिन मोठ्या प्रमाणावर तयार होते आणि फायब्रिनोजेन संपून जाते; शेवटी रक्त साकळूच शकत नाही. महाराष्ट्रात हाच प्रकार फुरसे आणि घोणस यांच्या दंशात दिसतो. घोणशीचे विष घटक १० व ५ ला आणि फुरशाचे विष प्रोथ्रॉम्बिनला सक्रिय करते. फुरशाच्या विषातील हे एंझाइम धातुयुक्त प्रकारचे असल्याने अँटिथ्रॉम्बिन त्याला जखडू शकत नाही. समीकरणात सुरुवात करणारे पद आहे, पण त्याला संपवणारे पद नाही, अशी ही स्थिती होय. प्रतिविष देऊन ते पद बाहेरून घालावे लागते.

वाहते रक्त

वरील बहुतेक प्रतिमाने रक्त परीक्षानळीत स्थिर आहे असे मानतात. शरीरात ते वाहते, आणि प्रवाह हाही एक अवरोधकच आहे. तो सक्रिय घटकांना जखमेपासून दूर वाहून नेतो. कुहार्स्की आणि युटा येथील फोगेलसन यांनी २००१ मध्ये प्रवाह व बिंबाणू यांचा समावेश असलेले प्रतिमान मांडले. त्यातून एक अनपेक्षित निष्कर्ष निघाला. जखमेवर जमणारे बिंबाणू ऊती घटकाला थराने झाकून टाकतात आणि आरंभीची अभिक्रिया थांबवण्यात हे झाकणे रासायनिक टीएफपीआयपेक्षाही प्रभावी ठरते. गुठळीला मदत करणारा बिंबाणू असा एकाच वेळी तिला लगामही घालतो. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या पायात, जेथे प्रवाह मंद असतो, गुठळी होण्याचा संभव का वाढतो हेही या प्रकारच्या प्रतिमानांतून आकड्यांनी दाखवता येते.

मर्यादा आणि मतभेद

वेग-स्थिरांक वेगवेगळ्या प्रयोगशाळांत, वेगवेगळ्या परिस्थितीत, बहुधा शुद्ध केलेल्या प्रथिनांवर मोजलेले असतात. ते एकत्र आणून मांडलेले प्रतिमान खऱ्या रक्ताशी जुळेलच असे नाही. शिवाय इतके स्थिरांक हाताशी असताना त्यांत थोडा थोडा बदल करून कोणताही आलेख जुळवता येतो, हा आक्षेप गंभीर आहे. २०१२ मध्ये एका नियतकालिकात थ्रॉम्बिन निर्मितीच्या प्रतिमानांना काही मूल्य आहे काय, या प्रश्नावर दोन निबंध प्रसिद्ध झाले. मॅन यांनी होकार दिला. थ्रॉम्बिन मोजण्याची पद्धत विकसित करणारे मास्ट्रिख्ट येथील हेमकर आणि त्यांचे सहकारी यांनी काही अटी घालून नकार दिला. दोन्ही बाजूंचे लेखन वाचण्याजोगे आहे. हेमकर यांचा आक्षेप गणितावर नसून, प्रयोगाने खोटे ठरवता न येणाऱ्या गणितावर होता, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल. घटक ५ विषयीचे २०२० चे भाकीत या कसोटीवर तपासले गेले, म्हणूनच त्याचे महत्त्व विशेष मानले जाते.

एका विशिष्ट रुग्णासाठी अशी गणना करायची तर त्याच्या रक्तातील सर्व घटकांची आणि अवरोधकांची प्रमाणे ठाऊक असावी लागतात. नेहमीच्या रुग्णालयीन तपासणीत त्यांपैकी थोडीच मोजली जातात. त्यामुळे ही प्रतिमाने सध्या प्रामुख्याने संशोधनात, औषधांच्या विकासात आणि मात्रेचा प्राथमिक अंदाज घेण्यासाठी वापरली जातात. एखाद्या रुग्णाच्या औषधाची मात्रा वैद्य तपासण्यांच्या आधारेच ठरवतात.